मुलीसाठी रकाना

डिस्क उघडली तर सगळ्या फायलींवर एकच तारीख. कुणीतरी एका डिस्कवरून दुसरीवर माल उतरवून घेतला, त्या दिवसाची. चित्रीकरण कधीचं, कशानंतर काय, याचा काही पत्ता नाही. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच: सीरियातलं पूर्व अलेप्पो, 2016, एका आईने घरातून आणि आसपास काढलेले तुकडे.

आमचं काम थोडक्यात सांगते, कारण पुण्यात कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न ‘न्यूज चॅनलला आहेस का?’ हाच येतो. नाही. एरंडवण्यात जुन्या इमारतीतल्या दोन खोल्यांत आम्ही काहीजण परदेशातल्या एका संग्रहासाठी युद्धभागातले व्हिडिओ तपासतो आणि नोंदवतो. तलाठ्याने सातबारा लिहावा तसं: जागा कोणती, वेळ कोणती, दिसतंय काय. 2017 मध्ये यूट्यूबच्या यंत्रणेने हिंसक म्हणून सीरियातले हजारो व्हिडिओ उडवले होते. त्यात लोकांनी जिवावर उदार होऊन जमवलेला पुरावाही गेला. उद्या कोर्टात उभं राहायचं तर नुसता व्हिडिओ असून भागत नाही. तो कुठला, कधीचा आणि मधे कुणी हात लावलेला नाही, हे दाखवता यावं लागतं.

जागा लवकर सापडली. एका तुकड्यात गच्चीवरून किल्ल्याची टेकडी दिसत होती, दुसऱ्यात मिनार आणि पाण्याच्या टाक्यांची रांग. उपग्रहचित्रावर दोन रेषा ओढल्या की इमारत हाती लागते. घोडं अडलं ते तारखेवर. 2016 च्या जुलैत सरकारी फौजांनी कास्टेलो रस्ता, म्हणजे बंडखोरांच्या ताब्यातल्या भागात जाणारा शेवटचा रस्ता, तोडला आणि पूर्व अलेप्पोत सुमारे अडीच लाख माणसं कोंडली गेली. एखादा तुकडा वेढ्याच्या आधीचा की नंतरचा, यावर त्याचा सगळा अर्थ ठरतो.

जवळजवळ प्रत्येक तुकड्यात एक बाळ होतं. आमच्या नोंदपत्रकात शस्त्राला रकाना आहे, विमानाला आहे, धुराच्या रंगाला आहे. बाळ जातं ‘इतर’मध्ये.

माझी स्वतःची लेक तेव्हा दहा महिन्यांची, कर्वेनगरच्या पाळणाघरात. त्यामुळे माझी नजर आपसूक तिथेच जात होती. एका तुकड्यात पोरीची मान डुगडुगतेय. दुसऱ्यात मान धरलीय, पण पालथी पडल्यावर हात छातीखालून काढता येत नाहीये. तिसऱ्यात ती उशीच्या आधाराने बसलीय, आणि हसली तेव्हा खालचे दोन दात. एका तुकड्यात ती कॅमेऱ्याचा पट्टा चावत होती, आई तो ओढून घेत होती, आणि चित्र एवढं हलत होतं की शेजारच्या टेबलावरच्या मुलाने त्यावर ‘निरुपयोगी’ असा शेरा मारला होता. मी तिथेच थांबवून मोठं करून बघितलं. वरचा एक दात हिरडीतून नुकता फुटलेला. म्हणजे हा तुकडा उशीवाल्याच्या नंतरचा.

खालचे पुढचे दात साधारण सहा ते दहा महिन्यांत येतात, वरचे आठ ते बारा. यावरून तारीख काढायला जाऊ नये. मुलागणिक फरक पडतो, आणि वेढ्यात दुधाची पावडरही मिळेनाशी झाली होती. उपाशी मूल उशिरा बसतं, उशिरा चालतं. पण आलेला दात काही परत हिरडीत जात नाही. क्रम लावायला तेवढं पुरे.

दुपारपर्यंत मी तुकड्यांची रांग लावली. मग ती खऱ्या तारखांना टांगायची होती. रांगेच्या शेवटच्या तुकड्यात बसच्या काचेपलीकडे बर्फ पडताना दिसत होता. डिसेंबरच्या मध्यापासून हिरव्या बसमधून लोकांना बाहेर काढलं, तेव्हा अखेरीअखेरीस तिथे बर्फ पडला होता. शेवटची खुंटी ती.

मधली खुंटी मिळाली ती मात्र कधी विसरणार नाही. आमच्याकडे पहिल्यांदा बघताना आवाज बंद ठेवायचा आणि चौकट लहान करायची, असा नियम आहे. हे काम मनाला लागतं म्हणून. तसंच बघत होते. पोरगी सतरंजीवर बसून प्लास्टिकच्या झाकणाशी खेळतेय. एकदम तिच्या गालावर उजेड आला आणि तिने खिडकीकडे मान वळवली. मग पुन्हा झाकण. कॅमेरा तिच्यावरच होता, खिडकी चित्रात नव्हतीच. आवाज लावला. गणपती जवळ आले होते, नदीपात्रात ढोलपथकाचा सराव रंगात आला होता, त्यामुळे हेडफोन कानात खुपसून ऐकावं लागलं. उजेड आणि धमाका यांच्यामध्ये 50 फ्रेम, सेकंदाला 25 च्या हिशेबाने दोन सेकंद. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. स्फोट 680 मीटरच्या आसपास. खिडकी कोणत्या दिशेची ते माहीत होतं. नकाशावर तेवढ्या अंतराचा वर्तुळकंस काढला, मागच्या-पुढच्या तारखांची उपग्रहचित्रं ठेवली, तर त्या कंसावर सप्टेंबरच्या अखेरीला एक इमारत होती आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे नुसता ढिगारा.

धमाक्याला पोरगी हललीसुद्धा नाही. उजेडाकडे बघितलं, आवाजाकडे नाही.

भाषेसाठी कोंढव्यात राहणारा एक सीरियन विद्यार्थी आम्हाला मदत करतो. तो संध्याकाळी आला, सगळं ऐकलं. म्हणाला, “दीदी, ही बाई लढाईबद्दल काहीच बोलत नाही. झाकण तोंडात घालू नकोस, आजीला टाटा कर, भात संपव. एवढंच.” अलेप्पोतच वआद अल-कातिब हिने आपल्या मुलीला वाढवता वाढवता वेढ्याचं चित्रीकरण केलं आणि ते जगाने पाहिलं. पण ती पत्रकारिता करत होती. ही बाई तशी वाटत नाही. कुठल्याही आईसारखी पोरीचे व्हिडिओ काढत होती, आणि लढाई त्यात मधे मधे येत होती. आमच्या पत्रकात हे बरोबर उलटं होतं.

म्हणून मी मुलासाठी वेगळा रकाना मागितला: वयाच्या खुणा, नजर, आवाजाला प्रतिसाद. शेजारच्या टेबलावरचा मुलगा, रानडेतून पत्रकारिता शिकून आलेला, लगेच म्हणाला, “ताई, दात ठीक आहेत. ‘दचकली नाही’ ही नोंद झाली की तुमचं मत?”

“दचकली नाही हे दिसतंय. का दचकली नाही ते मी लिहीत नाहीये.”

“आणि ती आज केवढी असेल? रकाना केला की ती शोधता येते. तिला कुणी विचारलंय?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईने संमती दिली होती, पण ती स्वतःची. पोरगी आता शाळेत असेल, कुठल्या देशात कोण जाणे. स्वतःचे रांगतानाचे व्हिडिओ पुराव्याच्या पेटीत आहेत हे तिला कळेल तेव्हा काय वाटेल, हे मी कोण ठरवणार? माझ्या लेकीचा एक फोटो सासूबाईंनी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला तर मी दोन दिवस धुसफुसत होते.

वरिष्ठ बाई ऑनलाइन होत्या. बराच वेळ चर्चा झाली, आणि पाळणाघरातून दोनदा फोन येऊन गेला. शेवटी ठरलं ते असं: रकाना ठेवायचा, पण बंद, तपासणाऱ्यांखेरीज कुणाला दिसणार नाही. चेहरा नाही, नाव नाही, फक्त खुणा. ‘निरुपयोगी’ शेरा पुसला. प्रतिसादाच्या जागी मी लिहिलं: “प्रकाशाकडे मान वळवते. आवाजानंतर हालचाल नाही.” त्यावर शेजारच्या टेबलावरच्या मुलाचीही हरकत नव्हती.

पाळणाघराच्या काकूंनी उशिराचे पैसे लावले आणि वर ऐकवलंही. जुन्या संचांतली ‘इतर’मध्ये गेलेली मुलं पुन्हा काढायची की तशीच राहू द्यायची, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. तो म्हणतो राहू द्या. मी यादी करायला घेतलीय.