घरच्यांनी माफ केलं, मग तुमचं काय?

२१ मे, म्हणजे १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या झाली तो दिवस, जवळ आला की हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतेच, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या हत्येची शिक्षा भोगत असलेल्या उरलेल्या सहा जणांना सोडल्यापासून तर तो लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो: राजीव गांधींच्या घरच्यांनीच माफ केले, मग तुमच्या पोटात का दुखते? विचारणाऱ्यांना ठाऊक असते की मी पोलीस खात्यातून निवृत्त झाले आणि नोकरीचा मोठा काळ सभांच्या बंदोबस्तात, महिलांची झडती घेण्यात गेला. आजवर हसून विषय बदलत आले. आता एकदाचे लिहूनच टाकते.

गांधी कुटुंबाबद्दल माझी तक्रार नाही. सोनिया गांधींनी हत्येच्या कटातल्या दोषी नलिनीला फाशी होऊ नये म्हणून शब्द टाकला, प्रियांका २००८ मध्ये वेल्लोरच्या तुरुंगात जाऊन तिला भेटल्या, राहुल यांनीही आपण माफ केल्याचे जाहीरपणे सांगितले. हा त्यांचा मोठेपणा आहे आणि तो मला जमला असता की नाही, याची खात्री नाही. पण तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरच्या सभेच्या मैदानावर, जिथे बॉम्बस्फोटात राजीवजी गेले, त्या रात्री नऊ पोलीसही मेले. राजीवजींसोबत आलेले दिल्लीचे सुरक्षा अधिकारी प्रदीप गुप्ता होते, पोलीस अधीक्षक मोहम्मद इक्बाल होते, निरीक्षक राजगुरू आणि एडवर्ड जोसेफ होते, चंद्रा नावाची महिला पोलीस होती. गांधी कुटुंबाने आपल्या वाट्याची माफी दिली. चंद्राच्या वाट्याची माफी त्यांच्याजवळ नव्हतीच. स्फोटात मेलेल्यांचे काही नातेवाईक आपण होऊन सर्वोच्च न्यायालयात गेले होते, सुटकेला विरोध करायला. २०१९ मध्ये ती याचिका फेटाळली गेली आणि तिची बातमी आतल्या पानावर विरून गेली.

‘पोलिसांना पगार कशाचा मिळतो?’ हे पुढचे वाक्यही मला पाठ आहे, कारण भरती झाले तेव्हा मीच ते ऐटीत म्हणत असे. ज्याने वर्दी घातली त्याने रडू नये, असे माझे ठाम मत होते. त्यातले अर्धे अजूनही पटते. राहिलेल्या अर्ध्याचे उत्तर अनसूया डेझी यांच्याकडे आहे. त्या रात्री त्या उपनिरीक्षक म्हणून महिलांच्या बाजूला उभ्या होत्या. हार घेऊन पुढे येऊ पाहणाऱ्या धनूला, म्हणजे अंगावर बॉम्ब बांधून आलेल्या हल्लेखोर बाईला, त्यांनी मागे सारले, तेव्हा सगळ्यांना संधी मिळू द्या, असे खुद्द राजीव गांधीच म्हणाले, असे त्या सांगत आल्या आहेत. मग धनूच्या कमरपट्ट्यातला बॉम्ब फुटला. अनसूया वाचल्या, पण हाताची बोटे गेली आणि छर्रे अंगात राहिले. म्हणजे पगार ज्याचा मिळतो ते काम तिथे झाले होते.

हे वाचून कळत नाही, म्हणून माझ्यावर आलेला एक प्रसंग सांगते. एका तालुक्याच्या गावी निवडणुकीची सभा होती. हार घालणाऱ्यांची यादी आधीच ठरलेली असते आणि त्या प्रत्येकीची झडती झालेली असते. मी व्यासपीठाच्या पायरीशी होते. नेते उतरू लागले तशी विशीतली एक मुलगी बांबूच्या कठड्याखालून वाकून आत शिरली. हातात झेंडूचा हार, नाव यादीत नाही. मी हात आडवा धरला. नेते पायरीवर थांबून म्हणाले, ‘अहो ताई, येऊ द्या की तिला, आपलीच माणसं आहेत.’ भोवतालचे हसले. मी हात काढला नाही. मुलीला कनातीमागे नेले आणि झडती घेऊ लागले, तर कमरेपाशी, ओढणीच्या गाठीखाली, बोटांना काहीतरी कठीण लागले. एका हाताने तिचे मनगट घट्ट धरून दुसऱ्या हाताने ती गाठ मी सोडवली. आत चाव्यांचा जुडगा होता. घरी कोणी नव्हते म्हणून कुलूप लावून आली होती, एवढेच. ती हमसून रडायला लागली, बाहेर आलो तोवर नेते गाडीत बसून गेले होते आणि हार तिच्या हातातच राहिला. संध्याकाळी कार्यकर्त्यांची तक्रार आली. साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावले की लोकांत राहून काम करायचे तर माणसे ओळखायला शिका. दुसऱ्या दिवसापासून मी वाहनतळावर. तशीच वेळ पुन्हा आली तर मी तेच करीन. पण जुडगा निघाला म्हणून मी उद्धट ठरले, आणि दुसरे काही निघाले असते तर माझे नाव २१ ऑक्टोबरला, पोलीस स्मृतिदिनाच्या संचलनात, एकदा वाचले गेले असते. त्या वर्षीची नावे त्या वर्षीच वाचतात.

राजीव गांधींचे एसपीजी संरक्षण, म्हणजे पंतप्रधानांसाठीच्या खास सुरक्षा दलाचे कवच, १९८९ मध्ये सरकार बदलल्यावर गेले, कारण या दलाच्या १९८८ च्या कायद्यात माजी पंतप्रधान नव्हतेच. माजी पंतप्रधानांना त्या कायद्यात घातले गेले ते हत्येनंतर. सुरक्षेतल्या त्रुटी तपासायला वर्मा आयोगही बसला. यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, मी भर घालत नाही.

मी सूडाची भाषा करते, असे समजू नका. न्यायालयाने त्यांना सोडले ते कोणाच्या माफीवर नव्हे. तमिळनाडूच्या मंत्रिमंडळाने शिफारस केली होती, राज्यपालांनी ती रखडवली होती, कैद्यांची वर्तणूक चांगली होती. त्या सहा जणांच्या आधी सुटलेला दोषी पेरारिवालन याच्यावर बॉम्बसाठी बॅटऱ्या आणून दिल्याचा आरोप होता. त्याचा कबुलीजबाब नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यानेच पुढे सांगितले की त्या बॅटऱ्या कशासाठी हव्यात हे पेरारिवालनला माहीत नव्हते, हे त्याचे म्हणणे मी लिहूनच घेतले नाही. हे वाचल्यावर त्याने एकतीस वर्षे आत काढली याची मला, खात्यातली असूनही, लाज वाटली. त्याची आई अर्पुतम्माल इतकी वर्षे दारोदार फिरली. मे २०२२ मध्ये तो सुटला तेव्हा तिचा चेहरा पाहून मला खरोखर बरे वाटले. त्याच दिवशी मुख्यमंत्री स्टालिन यांनी त्याला मिठी मारल्याचे छायाचित्र पाहिले आणि संताप झाला. पुढे नोव्हेंबरात उरलेले सुटले आणि अनसूयांनी उघडपणे विरोध केला, तेव्हा मी त्यांच्या बाजूची होते. अर्पुतम्मालच्या बाजूची नव्हते असे मात्र सांगता येत नाही. या दोघींपैकी एकीला चूक ठरवल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचे हो किंवा नाही असे उत्तर देता येणार नाही, आणि ते मी अजून ठरवू शकलेले नाही.