४,२९,४९,६७,२९७ आणि तिचा विभाजक ६४१

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या येते. २ च्या १, २, ४, ८ आणि १६ या घातांत १ मिळवल्यास अनुक्रमे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात, आणि या पाचही मूळ संख्या आहेत. घातांक असाच दुप्पट करत गेल्यास दर वेळी मूळ संख्याच मिळेल, असे पिएर द फर्मा यांनी १६४० मध्ये मांडले. सिद्धता हाती नसतानाही त्यांची तशी खात्री होती. १७३२ मध्ये लिओनार्ड ऑयलर यांनी दाखवून दिले की या क्रमातल्या सहाव्या संख्येलाच ६४१ ने निःशेष भाग जातो.

एखादा नियम पाच वेळा खरा ठरूनही फसू शकतो, याचे उदाहरण म्हणून ही संख्या बहुधा सांगितली जाते. मला मात्र ६४१ पर्यंत पोहोचण्याची वाट त्याहून मोलाची वाटते. समजा, या संख्येचा एखादा मूळ विभाजक आहे. त्याने भागल्यास २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी) येते, म्हणून ६४ व्या घाताची बाकी १ येते, आणि त्याहून लहान कोणत्याही घाताची बाकी १ येऊ शकत नाही. आता खुद्द फर्मा यांच्याच नावाने ओळखले जाणारे छोटे प्रमेय सांगते की, घातांक त्या मूळ विभाजकाहून १ ने कमी घेतला तरी २ च्या घाताची बाकी १ च येते; म्हणून त्या विभाजकातून १ वजा केल्यास उरलेल्या संख्येला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ या आहेत, म्हणजे पाचवा भागाकार पुरेसा ठरतो. हे साधन फर्मा यांच्याजवळच होते, याची मला खरोखर हळहळ वाटते.

भागाकार न करताही हे सिद्ध होते, आणि ती सिद्धता मला फार सुंदर वाटते. ६४१ म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात, अधिक १. तसेच ६४१ म्हणजे ५ चा ४ था घात अधिक २ चा ४ था घात. पहिल्या मांडणीवरून, ६४१ ने भागताना ५ गुणिले २ चा ७ वा घात याची बाकी उणे १ असते. त्याचा चौथा घात घेतल्यास ५ चा ४ था घात गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १ होते. दुसऱ्या मांडणीमुळे ५ च्या ४ थ्या घाताच्या जागी उणे २ चा ४ था घात ठेवता येतो, आणि २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ निघते.

दुसरा विभाजक ६७,००,४१७ हा आहे. १८७८ मध्ये एदुआर ल्युका यांनी वरच्या अटीतल्या ६४ च्या जागी १२८ घेता येतात, हे सिद्ध केले. ६७,००,४१७ चे वर्गमूळ २,५८९ पेक्षा लहान असल्याने तिथवरच्या २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९ एवढ्याच मूळ संख्या तपासाव्या लागतात. ४,२९,४९,६७,२९७ ला २५७ ने भागल्यास बाकी २ उरते, म्हणून ती आधीच बाद होते. उरलेल्या चारांपैकी एकीनेही ६७,००,४१७ ला भाग जात नाही, म्हणजे तीही मूळ संख्याच आहे.