मीटर १२ व्होल्ट दाखवतो, तरी ब्रेकलाइट लागत नाही: माझा अनुभव

गाडीचा डावा ब्रेकलाइट बंद पडला. उजवा लागत होता, मागच्या काचेतला तिसराही लागत होता. बहुतेक गाड्यांत एवढ्यावरून निम्मी तपासणी होऊन जाते. तिन्ही दिवे एकदम गेले असतील तर आधी फ्यूज बघायचा, मग ब्रेक पॅडलवरचा स्विच. एकच गेला असेल तर त्या दोघांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. दोष त्याच दिव्याच्या आसपास असतो. बल्ब काढला, फिलॅमेंट शाबूत दिसत होती, तरी नवा बल्ब घालून पाहिला. काहीच फरक नाही.

पुढे जे झालं त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. गॅरेजमध्ये बल्ब काढून मीटर (व्होल्टेज मोजायचा मल्टीमीटर) लावला, १२ व्होल्ट आले, आणि लगेच निकाल मिळाला: "सप्लाय व्यवस्थित येतोय, लॅम्पच गेलाय, अख्खा लॅम्प बदलावा लागेल." त्या लॅम्पला, म्हणजे बल्ब ज्यात बसतो त्या युनिटला, साधा तडासुद्धा नव्हता. आत पाणी नाही, प्लॅस्टिक वितळलेलं नाही. मग त्यात गेलं काय, हे विचारलं तर उत्तर नाही. मी गाडी तशीच परत आणली.

घरी मीटर लावला तर माझाही आकडा तोच. होल्डरच्या दोन टोकांमध्ये १२ व्होल्ट, आणि बल्ब बसवला की अंधार. हे कोडं सुटेना. एका गोष्टीने मात्र दिशा दिली: ब्रेक दाबला की त्याच बाजूचा इंडिकेटर मंद उजळायचा. इंडिकेटर चालू नसताना! करंटला परतीची वाट नीट मिळत नसली की तो दुसऱ्या बल्बच्या फिलॅमेंटमधून आडवाटेने घुसतो. म्हणजे अर्थ (दिव्याची निगेटिव्ह बाजू गाडीच्या बॉडीला जोडणारी परतीची वायर) कच्चा. एका बाजूचे सगळे दिवे बहुतेक वेळा एकाच अर्थवर असतात, म्हणून एकाचा बिघाड दुसऱ्यात दिसतो. तुमच्या गाडीत दिवे असे विचित्र वागत असतील तर बल्ब बदलत बसू नका, सरळ अर्थ तपासा.

मग मीटर १२ व्होल्ट का दाखवत होता? हे समजल्यावर मला खरं समाधान वाटलं. मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. गंजलेल्या सांध्यातून जेमतेम थेंबभर करंट जात असला तरी त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. २१ वॉटच्या बल्बला मात्र पावणेदोन अँपिअर लागतो. तेवढा करंट मागितला की सगळं व्होल्टेज त्या खराब सांध्यावरच खर्च होतं आणि बल्बच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून बल्ब काढून घेतलेलं माप इथे कामाचं नाही. बल्ब जागेवर ठेवायचा, ब्रेक दाबलेला ठेवायचा, मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा बॉडीच्या उघड्या, स्वच्छ धातूला, आणि लाल टोक होल्डरच्या अर्थ वायरला. आकडा शून्याच्या जवळ हवा, फार तर ०.१-०.२ व्होल्ट. माझ्याकडे नऊच्या वर होता!

खात्रीसाठी एक सुटी वायर घेऊन होल्डरचा अर्थ थेट बॉडीच्या धातूला जोडला. डावा ब्रेकलाइट लख्ख लागला, तोच 'गेलेला' लॅम्प.

एकट्याने हे करताना पॅडल कोण दाबणार, हा प्रश्न येतो. पॅडल आणि सीट यांच्यामध्ये लाकडी काठी अडकवा. नुसतं दिवे लागतात का एवढंच बघायचं असेल तर मागे मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवला तरी पुरतं. काही गाड्यांत ब्रेकलाइट लागायला इग्निशन चालू लागतं.

दुरुस्ती अगदी किरकोळ निघाली. डिकीच्या आतलं अस्तर बाजूला केलं की वायरींच्या गोल टोकांचा जुडगा एका बोल्टने बॉडीला आवळलेला दिसतो. बोल्ट सोडला तर त्या गोल टोकांखाली तपकिरी भुकटी, आणि बॉडीवर बोल्टभोवती गंजाचं कडं. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत धातू दिसेपर्यंत घासल्या, बोल्ट घट्ट आवळला, पुन्हा ओल लागू नये म्हणून वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिला. घासण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवा. नंतर तेच माप पुन्हा घेतलं, मीटर शून्यावर आला.

बल्ब घेताना जुना सोबत न्या. टेललाइट आणि ब्रेकलाइट एकाच बल्बमध्ये असतील तर तो २१/५ वॉटचा, दोन फिलॅमेंटचा असतो आणि त्याच्या बाजूच्या दोन पिना वरखाली असतात. एका फिलॅमेंटच्या बल्बच्या पिना समान उंचीवर असतात. जोर लावून काहीही बसवू नका, होल्डर जातो. फ्यूज उडला असेल तर नवा तेवढ्याच अँपिअरचा घाला. मोठा घातला तर शॉर्ट झाल्यावर वायर जळते. एलईडी लॅम्पमध्ये बल्ब निघत नाही, पण तिथेही युनिट बदलण्याआधी कनेक्टर आणि अर्थ बघून घ्या.

आणि तुमचा त्रास उलटा असेल, म्हणजे पाय काढला तरी ब्रेकलाइट विझतच नसतील, तर पॅडलच्या वर वाकून बघा. स्विचची दांडी जिथे टेकते तिथलं छोटं रबरी बटण झिजून खाली गळून पडतं आणि स्विच चालूच राहतो. पायाखालच्या मॅटवर त्याचे तुकडे सापडले तर मीटर काढायचीही गरज नाही.