उरलेल्यांनी खेळायचं कुठं?

रग्बीतून पोरं गळतात ती लागतं म्हणून, असं आमच्याकडं सगळेच म्हणतात. शाळेतले सर म्हणतात, पालक म्हणतात, आणि ज्यांनी रग्बीचा चेंडू कधी हातात धरला नाही ते तर जास्तच जोरात म्हणतात. मी कोल्हापुरात, राजारामपुरीत फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवते आणि रविवारी सकाळी रग्बी खेळणाऱ्या पोरापोरींबरोबर मैदानावर असते, बिनपगारी. त्यामुळं कुणाला काय लागतं ते रोजचं बघणं आहे. खांदा, गुडघा, बोटं, अधूनमधून कॉलरबोन. कॉलरबोन मोडलेलं पोरगं दोन-तीन महिन्यांत परत येतं आणि आल्या आल्या एक्सरेचा फोटो मोबाईलवर सगळ्यांना दाखवत फिरतं. जे परत येत नाही, त्याला बहुतेक वेळा काहीच लागलेलं नसतं.

ते निवड चाचणीनंतर गायब होतं.

आपल्याकडं पोरं खेळतात ती रग्बी बहुतेक सात जणांची. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये आली तीच. सात-सात मिनिटांचे दोन हाफ, मधे दोन मिनिटं दम खायला, की संपला सामना. एका दिवसात अख्खी स्पर्धा उरकते, प्रवासाचा आणि जेवणाचा खर्च कमी, लहान गावालाही संघ उभा करता येतो. याबद्दल माझी तक्रार नाही. पण राखीव धरून संघात बारा, आणि बारा म्हणजे बाराच. मैदानावर पंचवीस-तीस पोरं येत असतील, तर त्यातल्या निम्म्याहून जास्त पोरांना चाचणीच्या संध्याकाळी समजतं की यादीत आपण नाही. मग त्यांनी पुढं काय करायचं? पुढच्या वर्षीच्या चाचणीची वाट बघायची. मधे त्यांच्या वाट्याला एकही सामना नाही. सरावाला या, पळा, पास द्या, निवडलेल्यांना टॅकलच्या, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडायच्या, सरावासाठी अंग द्या, आणि घरी जा. तेरा वर्षांचं पोरगं हे किती महिने करेल? मी तरी केलं नसतं.

आमच्यात एक दांडगा पोरगा होता. घरी म्हशी, वडील रोज गंगावेशीत दूध घालायला येणारे, आणि पोरगं त्याच दुधावर वाढलेलं. अंगानं भरलेला, धावायला जरा जड, पण चेंडू हातात घेऊन निघाला की तिघं लोंबकळली तरी थांबायचा नाही. पंधरा जणांच्या रग्बीत अशा पोरासाठी जागा राखलेली असते. स्क्रममध्ये दोन्ही संघ खांदे भिडवून एकमेकांना रेटतात, त्याच्या पहिल्या ओळीत दोन्ही बाजूंना प्रॉप लागतात आणि प्रॉपनं वाऱ्यासारखं पळावं अशी कुणाची अपेक्षा नसते. उंच पोरगा लाइनआउटला, म्हणजे बाहेरून आत फेकलेला चेंडू वरच्या वर झेलायला; बुटका आणि चपळ पोरगा स्क्रम-हाफला, म्हणजे स्क्रममधून आलेला चेंडू उचलून इतरांना द्यायला; तोंडाळ पोरगा कुठंही. सातच्या रग्बीत मात्र मैदान तेवढंच आणि माणसं निम्मी, त्यामुळं शेवटी पळणाराच उरतो. जो खेळ सगळ्या बांध्यांच्या पोरांना सामावून घेतो म्हणून नावाजला जातो, तोच इथं येऊन दांडग्या पोराला ‘आधी वजन कमी कर’ म्हणतो. पोरगं गेलं. आता तो गोळाफेक करतो असं ऐकलं, बरं झालं.

गंमत म्हणजे उलट त्रासही तेवढाच. बारीक पोरांना ‘अंग भर’ म्हणून सांगणारे भरपूर. माझ्याकडं आठवीतली पोरं प्रोटीन पावडरचा डबा घेऊन येतात, मॅडम कितीदा घेऊ म्हणून विचारायला. तो डबा कुठल्यातरी जिममधल्या दादानं दिलेला असतो. दूध, अंडी, शेंगदाणे, डाळ, झोप, एवढंच सांगून मी डबा परत पाठवते. खुराकाबद्दल कोल्हापुरात मी वेगळं काही सांगावं असं खरं तर काही नाही, पण पांढऱ्या कोटातलं कुणीतरी सांगावं लागतं. याच वयात गुडघ्याच्या खाली, नडगीचा उंचवटा असतो तिथं दुखायला लागतं. हाड झपाट्यानं वाढत असतं आणि मांडीचा स्नायू तिथं ओढत असतो. जरा पळणं-उड्या कमी केल्या की हळूहळू बरं होतं. पण चाचणी तोंडावर असलेलं पोरगं जरा कमी करायलाही तयार नसतं. पट्टी बांधून द्या म्हणतं.

डोक्याला लागलेलं मात्र पट्टीनं झाकत नाही, आणि इथं मी कुणाचं ऐकत नाही. मागं एका पोरीचं डोकं टॅकल करताना समोरचीच्या कमरेवर आपटलं. बेशुद्ध वगैरे काही नाही, बहुतेकदा होतच नाहीत. उठली आणि चुकीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मी तिला बाहेर घेतलं तर म्हणते, “मॅडम, काय न्हाई झालं मला. मी नीट पडलो, बघा की!” स्कोअर विचारला, तर मागच्या रविवारचा सांगितला. आई आली, सीटी स्कॅन झाला, स्कॅनमध्ये काही नाही. स्कॅनमध्ये बहुतेक वेळा नसतंच, कन्कशन, म्हणजे डोक्याला धक्का बसून मेंदूला झालेली इजा, मेंदूच्या कामात असते, फोटोत नव्हे. डोक्यावर मऊ टोपी घातली म्हणजे ते टळतं, हाही गैरसमजच. पहिले एक-दोन दिवस आराम, मग पायरी-पायरीनं शाळा, चालणं, पळणं, शेवटी टॅकल. ब्रिटनमध्ये 2023 साली सगळ्या हौशी खेळांसाठी जे नियम आले, त्यात स्पर्धेत परतायला किमान 21 दिवस सांगितलेत. मीही तेच सांगितलं. चाचणी पुढच्या आठवड्यात होती.

फोनवर फोन. एका जबाबदार माणसानं मला ऐकवलं, “तुमच्यामुळं पोरीचं वर्ष जाणार.” मी म्हटलं, जाऊ दे. पण नंतर ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही, कारण त्यात तथ्य होतं. एकवीस दिवसांनी पोरगी ठणठणीत झाली, आणि तिच्यासाठी वर्ष खरोखर संपलेलं होतं. तेवढी एक चाचणी सोडून तिला खेळण्यासारखं काहीच नव्हतं. पावसाळ्यानंतर ती आली नाही. दर आठवड्याला सामना असता तर तीन सामने चुकले असते, पोरीनं तोंड वाकडं केलं असतं आणि चौथ्याला उतरली असती. डोक्याला लागलेलं लपवावं असं तिला वाटलंच नसतं. दुखणं लपवायची सवय पोरांना आपणच लावतो, वर्षातून एकदाच दार उघडून.

हे सगळं मला इतकं टोचतं, कारण मी मंगळवार पेठेत वाढले. फुटबॉल बघत वाढले. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, अशी तालमींची आणि क्लबांची नावं आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की आमच्या गल्लीत संध्याकाळी माणूस दिसायचा नाही. पण माझ्या भावाला त्यातल्या कुठल्याच मोठ्या संघानं कधी घेतलं नाही. तसा तो सुमारच खेळायचा. तरी तो पंचविशीपर्यंत खेळला. गल्लीच्या स्पर्धेत, गांधी मैदानावर चिखलात, गणपतीच्या आधी, यात्रेनंतर, कुणाच्या तरी स्मरणार्थ ठेवलेल्या चषकासाठी. संघात घेतलं नाही म्हणून तालमीचा कट्टा कुणी त्याच्यासाठी बंद केला नव्हता. पेठ आपली, म्हणून संघ आपला. निवड हा त्यातला एक छोटा भाग होता. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये हाणामाऱ्या आहेत, हुल्लडबाजी आहे, मी काही आरती ओवाळत नाही. पण सुमार खेळाडूला तिथं दहा-बारा वर्षं खेळता येतं. रग्बीला इथं पेठच नाही. आहे ती फक्त यादी.

आणि यादीला चिकटून सर्टिफिकेट. सरावाला पोरगं आणून सोडणारा बाप पहिल्या दिवशी विचारतो, “मॅडम, ह्येला सर्टिफिकेट मिळंल न्हवं?” दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. एकरभर ऊस आणि दोन पोरं असलेल्या माणसानं हा प्रश्न विचारू नये असं म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःचा पगार सांगावा. मला त्याचा राग येत नाही. त्याचा परिणाम मात्र दिसतो. सर्टिफिकेट मिळालं की काम झालं, नाही मिळालं की काम होत नाही. दोन्ही बाजूंनी पोरगं मैदानाबाहेर. नववीच्या दिवाळीत जादा तास लागतात, दहावीला तर बोलायलाच नको. दहावीनंतर निम्मी पोरं नीट-जेईईच्या क्लासला, उरलेल्यातली बरीच भरतीच्या अकॅडमीत. तिथंही ती पळतातच, सोळाशे मीटर, गोळाफेक, घड्याळ लावून. तोच दम, तेच पाय, फक्त गुणांसाठी. मागच्या वर्षी, जून 2025 मध्ये, मुंबईत सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली तेव्हा पोरांनी मोबाईलवर सगळे सामने बघितले आणि चार दिवस मैदान भरलं. पण लीगमध्ये घेतील का, असं नववीतलं पोरगं विचारायला लागलं की मला पोटात गोळा येतो. अजून एक यादी.

मुलींचं वेगळं सांगायला हवं, थोडक्यात सांगते. बारा-तेराव्या वर्षी घरून पहिला प्रश्न चड्डीचा, दुसरा चेहऱ्यावर व्रण राहिला तर लग्नाचा. मैदानाजवळ स्वच्छतागृह नाही, हे कुणी प्रश्न म्हणून विचारतसुद्धा नाही. पोरी तेवढ्यापुरत्या न सांगता गैरहजर राहतात आणि मग राहतातच.

आणि मैदान. उन्हाळ्यात दगड, पावसाळ्यात दलदल. तिथं टॅकल शिकवायचं म्हणजे खांदे माझ्याच क्लिनिकमध्ये येणार. शेवटी ओळखीच्या एका वस्तादांना विचारलं. ते म्हणाले, सकाळचा जोर झाला की आखाडा रिकामाच असतो, या. ताक, हळद, तेल घालून मळलेल्या लाल मातीत पोरं पडायला शिकली. डोकं समोरच्याच्या कमरेच्या मागच्या बाजूला कसं ठेवायचं, मान कशी घट्ट धरायची, हे वस्तादांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं, रग्बीचा एकही सामना न बघता. फक्त एकाच गोष्टीवर ते अजून अडलेत. पुढं पळायचं आणि चेंडू मागं द्यायचा, हा काय प्रकार आहे म्हणतात.

रग्बी जिथं धर्मासारखी खेळतात त्या न्यूझीलंडमध्येही पोरं गळतायत, हे वाचून मला आधी आश्चर्य वाटलं, मग धीर आला. 2019 साली तिथल्या नॉर्थ हार्बर या विभागानं लहान गटातले निवडक संघच बंद करून टाकले. लवकर निवड केली की न निवडलेली पोरं खेळ सोडतात, हे कारण. पालक खवळले. त्याच वर्षी रग्बी, क्रिकेट, फुटबॉल, हॉकी आणि नेटबॉल या पाच खेळांच्या संघटनांनी मिळून जाहीर केलं, की लहान वयात जिंकण्यापेक्षा सगळ्यांना खेळायला मिळणं महत्त्वाचं. ऑकलंडमध्ये लहान गट करताना वयाबरोबर वजनही बघतात. आपल्याकडं चौदा वर्षांखालच्या एकाच गटात मिसरूड फुटलेला आणि आवाज न फुटलेला समोरासमोर असतात, त्यातून जन्मदाखल्याची भानगड वेगळीच. इंग्लंडमध्ये आठ वर्षांखालच्या गटापर्यंत टॅकलच नाही, कमरेला लावलेली पट्टी ओढायची. पट्ट्यांना पैसे लागत नाहीत. आमच्या पोरांनी जुन्या साड्यांच्या काठांच्या केल्या.

तर गेल्या पावसाळ्यापासून आम्ही रविवारी सामने लावतो. जो येईल तो खेळणार. संघ तिथल्या तिथं पाडायचे, वजन बघून, पोरं-पोरी लहान गटात एकत्र. टॅकल फक्त मोठ्यांना, तेही मैदान ओलं असेल तर. सर्टिफिकेट नाही, निवड नाही. आमचे प्रशिक्षक सुरुवातीला वैतागले होते. त्यांचं म्हणणं, चांगल्या पोरांचा वेळ जातो. थोडा जातो, खरं आहे. पण चाचणीत नाव न आलेली काही पोरं परत दिसायला लागली आणि त्यांचा सूर मवाळ झाला. एक अडचण सुटलेली नाही. मैदान मागायला गेलं की विचारतात, कुठली स्पर्धा? स्पर्धा नाही, पोरं खेळणार आहेत, असं सांगितलं की अर्ज पुढं सरकत नाही. म्हणून आम्ही कागदोपत्री दर रविवारी एक स्पर्धा भरवतो.

गुणतक्ता ठेवायचा नाही, असं मी बजावलं होतं. पोरांनी व्हॉट्सॲपवर परस्पर केला, संघांना पेठांची नावं दिली, आणि आता मंगळवार पेठेच्या बाजूनं मी शिट्टी वाजवते अशी तक्रार प्रशिक्षकांकडं गेली आहे. तक्रार लेखी आहे, सह्यांसकट. पुढच्या रविवारी पंच बदलून मागितलाय.