जांभळ्या ट्रॅकवर मिउराला धावताना पाहिलं

७ ऑगस्ट २०२४. अविनाश साबळे अंतिम फेरी गाठणारच, या भरवशावर मी त्या रात्रीचं तिकीट काढून ठेवलं होतं. पॅरिस ऑलिंपिक, पुरुषांची ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत धावायची शर्यत. साताऱ्याच्या ललिता बाबरनं २०१६ साली रिओत महिलांची अंतिम फेरी गाठली होती. पुरुषांत तिथवर पोचलेला पहिला भारतीय म्हणजे बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश.

गार दु नॉर स्थानकातून आरईआर, म्हणजे पॅरिसची उपनगरी रेल्वे पकडली. डब्यात भारतीय बरेच होते, पण बोलत कुणीच नव्हतं. शंभर ग्रॅम वजनापायी कुस्तीगीर विनेश फोगाट बाद झाल्याची बातमी सकाळीच आली होती.

स्टाद द फ्रान्समध्ये माझ्या शेजारी एक वयस्कर जपानी जोडपं बसलं होतं. ते आले होते त्यांच्या देशाच्या स्टीपलचेस धावपटूसाठी, मिउरा र्‍युजीसाठी. काकांना इंग्रजी बरं येत होतं आणि विषय निघाला की ते थांबत नसत. जपानात लांब पल्ल्याचा धावपटू घडतो तो एकिदेनवर, म्हणजे खांद्यावरचा पट्टा पुढच्या गड्याला देत रस्त्यावर धावायच्या रिले शर्यतीवर. त्यातली सर्वांत मानाची हाकोने एकिदेन. नव्या वर्षाच्या २ आणि ३ जानेवारीला विद्यापीठांचे संघ दहा टप्प्यांत दोनशेहून जास्त किलोमीटर धावतात आणि अख्खा देश टीव्हीपुढे असतो. मिउराही जुन्तेन्दो विद्यापीठाकडून ती धावला. बहुतेकांची मजल पुढे मॅरेथॉनकडे जाते. हा मात्र अडथळ्यांपाशीच राहिला, याचं काकांना फार कौतुक. मलाही ते पटलं.

स्टीपलचेस जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. २८ अडथळे, ७ पाण्याच्या उड्या. अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच आणि पाय लागला तरी न पडणारा. पडतो तो माणूस. मिउरा त्यावरून जाताना उडी मारतोय असं वाटतच नाही. डोकं त्याच पातळीत राहतं, पुढचा पाय झटकन खाली येतो आणि धावण्याची लय मोडत नाही. जगात त्याच्याहून वेगवान धावणारे आहेत, पण इतकं नीटस अडथळा ओलांडणारा मी तरी दुसरा पाहिला नाही.

सुरुवातीला साबळे सगळ्यांच्या पुढे होता! आम्ही घसा फुटेस्तोवर ओरडलो, काकूंनीही टाळ्या वाजवल्या. मग इथिओपियाच्या धावपटूंनी वेग वाढवला आणि घोळका ताणला गेला. शेवटच्या फेरीत विश्वविक्रमवीर लामेचा गिर्मा अडथळ्याला अडखळून कोसळला. स्टेडियम क्षणभर सुन्न झालं. मोरोक्कोचा एल बक्काली ८ मिनिटे ६.०५ सेकंदांत जिंकला. मिउरा आठवा, ८:११.७२. साबळे अकरावा, ८:१४.१८.

मिउरा टोकियो ऑलिंपिकमध्ये सातवा, इथे आठवा. ऑलिंपिकमध्ये पहिल्या आठ जणांना प्रमाणपत्र मिळतं आणि जपानात त्याला खरी किंमत आहे. काका उभे राहून टाळ्या वाजवत होते. आपल्याकडे पदकाखालचं काही मोजलंच जात नाही, ते त्या रात्री मला फार लागलं. जगातला अकरावा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर चार ओळी!

एक योगायोग मी काकांना फोनवर दाखवला. जून २०२३ मध्ये पॅरिसच्याच डायमंड लीगमध्ये (दरवर्षीच्या आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स स्पर्धामालिकेत) मिउरानं ८:०९.९१ असा जपानी विक्रम केला होता. साबळेचा भारतीय विक्रम जुलै २०२४ चा, त्याच स्पर्धेतला. वेळ? ८:०९.९१. शंभरावा हिस्साही इकडचा तिकडे नाही. काकांनी तो आकडा काकूंना दोनदा वाचून दाखवला.

पुढे जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला मिउरा ८:०३.४३ धावला, एल बक्कालीच्या अगदी मागोमाग. त्याच शर्यतीत पाण्याच्या उडीवर साबळे पडला आणि गुडघा दुखावून बसला. तो बरा होऊन परतला की दोघं पुन्हा एका रेषेवर उभे राहतील, आणि ती शर्यत कुठेही असो, मला ती पाहायची आहे.