बंद न झालेले विंडोज आणि माझी डी ड्राइव्ह

लॅपटॉपवर विंडोजसोबत लिनक्सही ठेवायचे म्हणून डी ड्राइव्हचे पार्टिशन, म्हणजे डिस्कवर तिच्यासाठी आखलेला भाग, लहान करण्याची मला धास्ती होती, पण ते काम विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून दहा मिनिटांत झाले आणि मोकळ्या झालेल्या १०० जीबी जागेत उबंटू हे लिनक्स बसवणेही त्याच दुपारी उरकले. लिहायचे आहे ते त्यानंतरच्या सहा दिवसांबद्दल, कारण त्यांचा राग अजून गेलेला नाही.

उबंटूतून डी ड्राइव्ह उघडली तेव्हा फाइली दिसत होत्या, वाचताही येत होत्या. मात्र उजवे क्लिक केल्यावर ‘पेस्ट’ हा पर्याय फिकट पडलेला होता. टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करून, ती माउंट केल्यावर (प्रणालीला जोडल्यावर) कळले की फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींची मांडणी सांभाळणारी व्यवस्था, असुरक्षित अवस्थेत असून तिची काही माहिती विंडोजच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, अडकली आहे, म्हणून ती केवळ वाचण्यापुरती जोडली जात आहे. आकार बदलतानाच पार्टिशन बिघडले, असे मी ठरवून टाकले. वास्तविक त्या बिघाडाचे लक्षण निराळे असते. फाइल सिस्टिम आधी आक्रसून न घेता पार्टिशनची हद्द अलीकडे ओढली, तर फाइल सिस्टिम जुन्याच आकाराची नोंद बाळगून राहते आणि लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम अशा वेळी माउंट व्हायलाच नकार देते. माझी ड्राइव्ह तर व्यवस्थित वाचता येत होती.

नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात, मे महिन्याच्या उन्हात, कूलरच्या घरघरीत मी दीड तास बाकावर बसलो. नंबर आल्यावर काउंटरवरच्या गृहस्थांनी पडद्याकडे न पाहताच सांगितले, “काही होत नाही भाऊ, एनटीएफएसफिक्स चालवा, लगेच उघडते.” ती खरोखर उघडली. लिनक्सचे हे साधन म्हणजे विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी चेकडिस्क नव्हे, ते काही ढोबळ विसंगती दुरुस्त करते, जर्नल (बदलांची नोंदवही) रिकामे करते आणि विंडोजने पुढच्या वेळी तपासणी करावी अशी खूण ठेवते, हे मी नंतर वाचले. त्या रात्री मात्र मी आनंदाने बाबांच्या काटोलच्या संत्र्याच्या बागेचे सातबारे आणि फेरफार, सगळे स्कॅन उबंटूतून डी ड्राइव्हवर हलवले आणि मूळ प्रती पुसूनही टाकल्या.

सकाळी विंडोज सुरू केले तर निम्मे फोल्डर उघडेनात.

कारण असे की, २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती सुरू असेल तर ‘शट डाउन’ दाबूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही. त्याचा गाभा हायबरनेशनच्या, म्हणजे चालू स्थिती डिस्कवर जपून ठेवणाऱ्या, फाइलमध्ये साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच पुन्हा उचलला जातो, त्यामुळे डिस्क काल होती तशीच आज आहे असे विंडोज गृहीत धरते. मध्यंतरी मी लिनक्समधून लिहून बसलो होतो. फेरफार झालेला ठाऊक नसताना पटवाऱ्याने जुन्याच वहीत पुढची नोंद करावी, तसा हा प्रकार. या अवस्थेत मी लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून थेट लिनक्स सुरू होते) पार्टिशनचा आकार पुन्हा बदलायला निघालो होतो, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

चेकडिस्कने बरेच काही परत आणले, पण नावे हरवलेल्या सीएचके फाइलींच्या रूपात. त्यांना पीडीएफचे नाव देऊन बाबा एकेक उघडत आणि गट नंबर वाचून मला सांगत.

आता मी कंट्रोल पॅनेलच्या पॉवर पर्यायांत जाऊन फास्ट स्टार्टअप बंद ठेवतो आणि मोठ्या अपडेटनंतर ते पुन्हा सुरू झाले नाही ना, हे पाहतो. एखाद्या वेळी तेवढेही करायचे नसेल तर शिफ्ट दाबून शट डाउन करावे. ‘रिस्टार्ट’ने मात्र विंडोज नेहमीच पूर्ण बंद होऊन सुरू होते, हे मला फार उशिरा समजले. हायबरनेशनची फाइल पुसून जबरदस्तीने माउंट करण्याचाही पर्याय लिनक्समध्ये आहे, पण त्यात विंडोजचे साठवलेले सत्र जाते, म्हणून तो मी वापरत नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे ड्राइव्ह कूटबद्ध करणारे कुलूप, असेल तर आकार बदलण्याआधी ते स्थगित करावे. पार्टिशनची सुरुवातच सरकवायची असेल तर तासन्‌तास लागू शकतात, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसल्याने लॅपटॉपची बॅटरी आधी पूर्ण भरून घ्यावी. बॅकअपची गोष्ट खरे तर सर्वांत आधी सांगायला हवी होती. माझ्याकडे तो नव्हता.

अकरा फाइली अखेरपर्यंत मिळाल्या नाहीत. त्यांतल्या चार फेरफारांच्या नकलांसाठी बाबा दोनदा काटोलला जाऊन आले आहेत.