कॅसेटच्या उरलेल्या जागेत

शाळेच्या आठवणी काढायला बसलं की मला आधी आठवते ती मधल्या सुट्टीतली गाण्यांची यादी. रफ वहीचं मागचं पान, त्यावर गाण्यांची नावं, प्रत्येकापुढे मिनिटं आणि भरपूर खाडाखोड.

1984-85 चे दिवस. आम्ही इंदुरात नववीत होतो. घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि वर्गात दोन्हीची सरमिसळ. टेपरेकॉर्डर मोजक्या घरांत होता, आणि पाहिजे ती कॅसेट विकत घेणं कुणालाच परवडत नव्हतं. मग वर्गणी काढून कोरी सी-60 घ्यायची, यादी करायची आणि राजवाड्याच्या मागच्या गल्लीतल्या रेकॉर्डिंगवाल्याकडे नेऊन द्यायची. भरून आलेली कॅसेट घरोघर फिरायची.

यादीवरून भांडणं व्हायची ती जागेवरून. एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे साडेतीन-साडेतीन मिनिटांची आठ गाणी. एकाला आर. डी. बर्मनशिवाय दुसरं काही चालत नसे. एकाच्या वडिलांकडे मेहदी हसनच्या गझला होत्या. एका मैत्रिणीच्या घरी आजीच्या नाट्यगीतांच्या जुन्या तबकड्या होत्या. आमचा नियम एकच होता. प्रत्येकानं निदान एक गाणं असं सुचवायचं की जे बाकीच्यांनी ऐकलेलं नाही, आणि ते म्हणून दाखवायचं. आवाज कसाही असो, म्हणायचंच. या नियमामुळेच नवरात्रात भोंडल्याची गाणी म्हणणाऱ्या आमच्या वर्गातल्या मुलींनी शेजारच्या माळवी मुलींकडून पितृपक्षातली संजाची गाणी शिकून वर्गात आणली. भिंतीवर शेणानं संजा काढून तिच्यापुढे म्हणायची ती गाणी. देवासला आजारपणात पडून असताना कुमार गंधर्वांनी याच माळव्यातली लोकगीतं कान देऊन ऐकली आणि पुढे लोकधुनांतून नवे राग बांधले, हे मला फार नंतर कळलं. गाणी मात्र आधी कळली, आणि तेच बरं झालं.

आता त्या रेकॉर्डिंगवाल्याबद्दल. आम्ही त्याला ‘भिया’, म्हणजे भैया, म्हणत असू, जसं इंदुरात सगळेच सगळ्यांना म्हणतात. भियाला टेप कोरी ठेवलेली खपत नसे. आठ गाण्यांनंतर दोनेक मिनिटं उरली की तिथे तो आपल्या पसंतीचं काहीतरी भरून द्यायचा. कधी सतारीचा तुकडा, कधी ठुमरीची एखादी ओळ. पैसे मागायचा नाही आणि काय भरलंय तेही सांगायचा नाही.

एकदा दुसऱ्या बाजूच्या शेवटी असाच एक आवाज आला. खर्जातला, अतिशय संथ, कुणाला काही सांगायची घाई नसल्यासारखा. तो सूर कुठे तरी पोचणार असं वाटेपर्यंत टेप संपली. त्या दिवशी बाकीची सोळा गाणी बाजूला पडली. तेवढाच तुकडा आम्ही मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐकला.

दुसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून संगीताच्या खोलीत नेला. बाई हार्मोनियमवर प्रार्थनेची चाल बसवत होत्या. चार सूर ऐकले आणि त्यांनी भाता सोडून दिला. म्हणाल्या, “अरे, हे अमीर खाँसाहेब. राग मारवा आहे. आपल्या इंदूरचे ते, माहीत नाही तुम्हाला?”

माहीत नव्हतं. लताबाई इंदुरात जन्मल्या हे इथल्या पोराटोरांना पाठ होतं. त्याच सुमारास राज्य शासनानं त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला होता आणि पहिला नौशादना दिला होता. त्याच नौशादांच्या ‘बैजू बावरा’त हा आवाज आमच्या आईवडिलांनी 1952 पासून ऐकला होता, तरी घरात नाव कुणी घेत नसे. खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात वादक, मुलाचं बालपण याच शहरात गेलं, पुढे त्याच्या गायकीला लोक इंदूर घराणं म्हणू लागले. 1974 साली कोलकात्यात मोटार अपघातात ते गेले तेव्हा आम्ही तीन-चार वर्षांचे.

बाईंनी शनिवारी संध्याकाळी आम्हाला रामबागेतल्या घरी बोलावलं. त्यांच्याकडे खाँसाहेबांची एलपी होती, एका बाजूला मारवा, दुसरीला दरबारी. दिवेलागण व्हायच्या आत या, असं बजावलं होतं, कारण मारवा त्या वेळेचा. सुई टेकवण्याआधी त्यांनी एवढंच सांगितलं: यात पंचम नाही, रिषभ कोमल आहे, मध्यम तीव्र आहे, आणि ज्या षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, आपल्याला टेकावंसं वाटतं तिथे ते तुम्हाला सहजी टेकू देणार नाहीत. मग चौदा मात्रांचा विलंबित झुमरा ताल सुरू झाला. बाई मांडीवर बोटांनी मात्रा मोजत होत्या, आम्ही त्यांच्या बोटांकडे बघत समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहत होतो. आर. डी. वाला मित्र सगळ्यांत पुढे सरकून बसला होता. दरबारी ऐकायला रात्री उशिरा परत या म्हणाल्या, आणि आमच्या घरच्यांनी खरोखरच पाठवलं.

भियाला जाऊन हे सांगितलं तेव्हा तो नुसता हसला आणि पुढच्या कॅसेटसाठी दोन गाणी कमी लिहा म्हणाला.

आज आमचे मित्र पुण्यात, बडोद्यात, काही साता समुद्रापार आहेत. व्हॉट्सॲपवर गाणी येतात, पण जुना नियम आम्ही थोडा वाढवला आहे. नुसतं गाणं पाठवायचं नाही. नेमका कुठे कान द्यायचा ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं. या नियमामुळे मला या वयात धृपद ऐकायची गोडी लागली, आणि ती लावली त्याच आर. डी. वाल्यानं.

शाळेच्या महोत्सवाच्या दिवशी जेवणानंतर आम्ही संगीताच्या खोलीत बसणार आहोत. कुठल्याही तुकडीचे असा, या. बाकीच्यांनी ऐकलं नसेल असं एक गाणं तेवढं घेऊन या. म्हणून दाखवावं लागेल.